ऊर्जेचे प्रकल्प: आधी मोजू द्या, मग बनवू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नववीच्या चाळीस मुलांना ऊर्जा आणि शाश्वतता या विषयावर आठ आठवड्यांचा प्रकल्प द्यायचा आहे. गेल्या वर्षी पुठ्ठ्याच्या पवनचक्क्या, सौर गावांच्या प्रतिकृती आणि ‘वीज वाचवा’चे तक्ते आले. प्रदर्शन देखणं झालं, पण पंधरा दिवसांनी विचारलं तर एक युनिट म्हणजे काय हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा यंदा विषय कोणते द्यावेत, आखणी कशी करावी आणि गुण कशाला द्यावेत?

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि वीसेक वर्षं असे प्रकल्प करून घेते आहे. सुरुवातीची पाच-सहा वर्षं माझ्याही वर्गात हेच होत होतं. मुलं मेहनत घ्यायची, पालकही रात्री जागायचे, पण हाताशी राहायची ती एक रंगवलेली वस्तू. मग मी मुलांना वस्तू बनवायला सांगणं थांबवलं आणि मोजायला सांगितलं, तेव्हापासून फरक पडला. प्रतिकृती हवीच असेल तर शेवटी येऊ दे. पहिल्या दिवशी मात्र प्रत्येक गटाच्या हातात मोजण्याचं एक साधन आणि ‘किती?’ हा प्रश्न द्या.

त्याआधी एक तास शब्दांसाठी काढा. रोजच्या बोलण्यात आपण ऊर्जा, शक्ती, ताकद, जोर हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि मुलं तोच गोंधळ घेऊन वर्गात येतात. भौतिकशास्त्रात ऊर्जा म्हणजे एकूण हिशेब आणि शक्ती म्हणजे ती ऊर्जा दर सेकंदाला किती खर्च होते तो दर. वॅट ही नळाची धार आणि युनिट हे बादलीत साठलेलं पाणी, एवढं सांगितलं की बहुतेकांना कळतं. भर म्हणून ‘किलोवॅट प्रति तास’ हा शब्दप्रयोग सगळीकडे छापलेला सापडतो. ‘प्रति’ म्हटलं की भागाकार आला, आणि इथे तर गुणाकार आहे. बरोबर शब्द किलोवॅट-तास. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक किलोवॅट-तास झाला, तेच एक युनिट, आणि तेच ३६ लाख ज्यूल. माझ्या वर्गात हे वाक्य पहिल्या आठवड्यात फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं आणि आठ आठवडे कुणी पुसत नाही.

पहिलं मोजमाप मी घरच्या वीजमीटरवर करून घेते. साहित्य काही लागत नाही, फक्त स्टॉपवॉच. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो: एका किलोवॅट-तासाला हा दिवा किती वेळा लुकलुकेल. कुठे १६००, कुठे ३२००. ज्याचा त्याने आपल्या मीटरवर वाचायचा. समजा ३२०० आहे. ३६ लाखांना ३२०० ने भागलं की ११२५ येतात. म्हणजे दिवा एकदा लुकलुकला की ११२५ ज्यूल घरात गेले. दोन लुकलुकींमध्ये ५ सेकंद गेले, तर त्या वेळी घरात २२५ वॅटचा वापर चालू आहे. एकाच लुकलुकीचा वेळ घेऊ देऊ नका, कारण बोट दाबण्यातच पाव सेकंद इकडेतिकडे होतो. दहा लुकलुकींचा वेळ घ्यायचा आणि दहाने भागायचं, आणि असं तीनदा करायचं. सरासरी कशासाठी काढतात हे मुलांना इथेच उमगतं.

मग गृहपाठ: घरातली सगळी उपकरणं बटणावर बंद करा, मोजा, एकेक चालू करा, पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी हमखास कुणीतरी येऊन सांगतं, “बाई, सगळं बंद केलं तरी दिवा लुकलुकतोच आहे.” फ्रिज राहिला का? नाही, तोही बंद होता. मग राउटर, टीव्हीचा डबा, सॉकेटमध्ये अडकून राहिलेला एखादा अडॅप्टर यांचा शोध सुरू होतो. या क्षणी मी काहीच सांगत नाही. मुलाला स्वतःचा प्रश्न पडलेला असतो आणि प्रकल्पाचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

मीटर फक्त बघायचा, त्याला हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही, हा नियम लेखी द्या आणि पालकांची सही घ्या. मुख्य विजेच्या तारा, सॉकेट, बोर्ड उघडणं कुठल्याही प्रकल्पात नाही. उपकरणाचा वापर मोजायचा असेल तर सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये बसणारा वॅटमीटर मिळतो. शाळेत असे दोन-तीन असले की चाळीस मुलांना पुरतात.

दुसऱ्या आठवड्यात मी आकड्यांचा आवाका शिकवते, आणि मला वाटतं या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. ‘वीज वाचवा’च्या तक्त्यावर मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून काढा हा सल्ला असतोच. बरं, काढला तर किती वाचेल? फोन न जोडलेला आजचा चार्जर साधारण दशांश एक वॅट घेतो. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे वर्षभर लावून ठेवला तर पाऊण ते एक युनिट. आता दुसरीकडे, एक बादली, म्हणजे २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला ४१८६ ज्यूल लागतात. २० गुणिले २५ गुणिले ४१८६ म्हणजे सुमारे २१ लाख ज्यूल, म्हणजे ०.५८ युनिट. चार्जरच्या संपूर्ण वर्षाची वीज दीड बादली गरम पाण्यात संपली! हे गणित मुलांनी स्वतः केलं की वर्गात क्षणभर शांतता पसरते. चार्जर काढू नये असं मी म्हणत नाही. पण कष्ट कुठे घ्यायचे हे आकडाच सांगतो, आणि ज्याला हे एकदा दिसलं तो पुढे कुठलीही जाहिरात वाचताना ‘किती?’ असं विचारतो.

आता विषय. मी यादी देत नाही, कारण यादी दिली की मुलं त्यातला सोपा वाटणारा उचलतात. मी मुलांना शाळेतून अर्धा तास हिंडवून आणते. प्रत्येकाने तीन ठिकाणं टिपायची, जिथे काहीतरी वाया जातंय असा संशय आहे. त्यातून प्रश्न निघतात. तरीही कुठल्या विषयात काय दडलेलं असतं आणि मुलं कुठे फसतात हे शिक्षकाला आधी माहीत हवं, म्हणून माझ्या अनुभवातले काही सांगते.

सर्वांत चांगला प्रकल्प मला वाटतो तो बंद शाळेचा. वर्षाच्या ८७६० तासांपैकी शाळा जेमतेम १८०० तास उघडी असते. उरलेले सुमारे ७००० तास ती बंद असते, आणि त्या वेळी ती किती वीज घेते हे बहुतेक शाळांत कुणाला माहीत नसतं. काही वर्षांपूर्वी माझ्या एका गटाने शनिवारी दुपारी कुलूप लागताना आणि सोमवारी सकाळी कुलूप उघडताना मीटरचे आकडे घेतले. एक सूचना: मोठ्या इमारतीच्या मीटरला बऱ्याचदा गुणक असतो, म्हणजे दिसणारा आकडा ठरावीक संख्येने गुणावा लागतो. तो गुणक बिलावर सापडतो. माझ्या मुलांनी पहिल्यांदा तो धरलाच नव्हता आणि शाळा एखाद्या झोपडीइतकी वीज घेते असा निष्कर्ष काढला होता. गुणक धरल्यावर आकडा आला ४१ तासांत ७४ युनिट, म्हणजे सरासरी १८०० वॅट. शाळेत चिटपाखरू नसताना.

मग शोधाशोध. शिपाईकाकांना बरोबर घेऊन मुलांनी खोली न् खोली पालथी घातली. पिण्याच्या पाण्याचे दोन कूलर रात्रभर पाणी थंड करत होते, त्यांचे सरासरी ७०० वॅट. संगणक कक्षातले संगणक निद्रावस्थेत आणि यूपीएस चालू, मिळून ५५०. मागच्या भिंतीवरचे चार दिवे दिवसाही जळत होते, त्यांचे ४००. बेरीज १६५०. दीडशे वॅट काही सापडेनात. गटातली एक मुलगी म्हणाली, “कूलरचे साडेआठशे लिहूया का? म्हणजे जुळेल.” दुसरीने ठाम नकार दिला, आणि त्यांच्या अहवालात शेवटच्या ओळीत ‘१५० वॅट: सापडले नाहीत’ असं लिहिलं गेलं. त्या ओळीला मी त्या वर्षी सर्वांत जास्त गुण दिले.

पाणी उकळण्याचा प्रकल्प दिसायला साधा आहे, पण त्यात उष्णतेचा अख्खा धडा येतो. एक लिटर पाणी २५ वरून १०० अंशांपर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात, हा कागदावरचा हिशेब. मग विजेच्या किटलीने खरोखर किती घेतले ते वॅटमीटरवर बघा. १५०० वॅटने २४५ सेकंद लागले, तर ३६७ किलोज्यूल, म्हणजे कार्यक्षमता ८५ टक्के. तेच पाणी उघड्या पातेल्यात हॉटप्लेटवर ठेवलं की कार्यक्षमता बरीच खाली येते, कारण लोखंडी चकती आधी स्वतः तापते आणि बरीच उष्णता बाजूने निसटते. इथे मुलांना पातेलं आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवायला लावा. ही युक्ती फार कमी जण करतात. समजा ५० ग्रॅम पाण्याची वाफ झाली. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, तेव्हा ५० ग्रॅमने ११३ किलोज्यूल नेले. पाणी तापवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या एक तृतीयांशाहून जास्त ऊर्जा वाफेबरोबर उडून गेली, आणि उपाय काय, तर झाकण! आई झाकण ठेव का म्हणते हे आकड्यांत दिसल्यावर मुलं घरी जाऊन ते सांगतात. गरम पाणी आहे, तेव्हा एक मोठं माणूस जवळ हवं.

सौर पॅनेलचे प्रकल्प दरवर्षी येतात आणि दरवर्षी एकाच जागी चुकतात. मुलं मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजायचं साधन) लावून फक्त व्होल्ट मोजतात. ऊन असताना ६ व्होल्ट, ढग आले तरी साडेपाच. निष्कर्ष: ढगाळ हवेतही पॅनेल जवळजवळ तेवढीच वीज देतं! चूक मुलांची नाही. काहीही न जोडलेल्या पॅनेलचा व्होल्टेज प्रकाश घटला तरी फारसा घटत नाही, पण विद्युतधारा प्रकाशाच्या प्रमाणात पडते. पॅनेलला रोध, म्हणजे विद्युतधारेला अडवणारा छोटा सुटा भाग, जोडायला लावा, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही मोजा आणि गुणाकार करा. १०, २२, ४७, १०० ओहम असे रोध एकामागून एक लावले की एका ठिकाणी गुणाकार सर्वांत मोठा येतो. तो बिंदू शोधणं हाच नववीला पुरेसा प्रकल्प आहे. नंतर एका सौरघटावर बोट ठेवून बघा. एवढासा भाग झाकला तरी धारा कोसळते, कारण घट एकसर जोडलेले असतात आणि झाकलेला घट सगळ्यांची वाट अडवतो. छपरावरच्या पॅनेलवर झाडाची सावली पडली तर काय होतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आवाका इथेही धरून ठेवा. भर दुपारी स्वच्छ उन्हात जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट येतात. दहा बाय दहा सेंटीमीटरच्या पॅनेलवर म्हणजे १० वॅट. चांगल्या पॅनेलची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास, तेव्हा २ वॅटच्या वर उत्तर आलं तर मोजण्यात चूक आहे. उत्तर कुठवर जाऊ शकतं हे प्रयोगाआधी माहीत असलं की मुलं स्वतःची चूक स्वतः पकडतात. पॅनेल तापलं की उत्पन्न थोडं घटतं, हेही काही गटांना सापडतं. थंड पाण्याचं फडकं मागच्या बाजूला लावून एका मुलाने ते आपण होऊन करून पाहिलं होतं.

पवनचक्की बंद करा असं मी म्हणणार नाही, पण ती मोजा. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. १५ सेंटीमीटर पात्याची छोटी चक्की, टेबल फॅनचा सेकंदाला ३ मीटरचा वारा. त्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्यात मुळातच सव्वा वॅटपेक्षा कमी शक्ती आहे. त्यातलीही ५९.३ टक्क्यांहून जास्त कुठल्याच चक्कीला काढता येत नाही, ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी मांडली. हाताने केलेली चक्की त्याच्या दशांशालाही पोचली तर कौतुक करा. आणि मग मुलांना विचारा, तिला फिरवणारा पंखा किती घेतो? पन्नासेक वॅट. पात्यांचा कोन, पात्यांची संख्या, त्यांचं वजन यांतला एकेक घटक बदलून मिलिवॅट मोजणारा गट खरं अभियांत्रिकी काम करतो.

याच ओघात एखादं मूल ‘फुकट ऊर्जे’चा व्हिडिओ घेऊन येतंच: मोटर जनित्र फिरवते, जनित्र मोटर चालवतं, वर दिवाही लागतो. त्याला हिणवू नका. दोन छोट्या मोटरी आणि दोन मल्टिमीटर द्या, आत जाणारे वॅट आणि बाहेर येणारे वॅट मोजायला सांगा. माझ्या एका विद्यार्थ्याने तीन आठवडे या एका गोष्टीवर घालवले आणि ऊर्जा अक्षय्यतेचा नियम त्याच्याइतका पक्का वर्गात कुणालाच समजला नाही.

सूर्यपेटीचा, म्हणजे काचेच्या झाकणाखाली उन्हाने तापणाऱ्या पेटीचा, प्रकल्प काचांची संख्या बदलून करा, एक काच आणि दोन काचा. १७६७ साली ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने काचांच्या थरांखाली पेटी तापवून पाहिली होती; तोच प्रयोग आज शाळेत होतो, याचं मुलांना अप्रूप वाटतं. आरसे वापरणार असाल तर गडद चष्मे आणि देखरेख हवीच. खताचं मडकं करणाऱ्यांना आधीच सांगा की मोठा ढीग पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो, पण छोटं मडकं तापत नाही, कारण आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग फार असतो. बायोगॅस बाटलीत कोंडून ठेवू देऊ नका आणि पेटवू तर मुळीच नका. प्रकाशाच्या प्रकल्पात फोनवरचं लक्समापक (उजेड किती ते मोजणारं) ॲप तुलनेपुरतं चालतं, नेमक्या आकड्यासाठी नाही. खिडकीजवळची दिव्यांची रांग वेगळ्या बटणावर घ्यावी की नाही, एवढं ठरवायला ते पुरतं.

शाळेत कोण कसं येतं याची पाहणी मात्र जरूर करा, त्यात रसायनशास्त्राचं एक सुंदर कोडं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. पण एक लिटर पेट्रोलचं वजनच पाऊण किलोच्या आसपास! पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसं निघालं? मुलं आधी म्हणतात आकडा चुकला. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ऑक्सिजन हवेतून आला. कार्बनच्या १२ ग्रॅममागे वायू ४४ ग्रॅम. हे कोडं मी कधीच फोडत नाही, लागेल तेवढे तास जाऊ देते.

मोजमाप झालं की मुलं उपाय करतात, आणि इथे सर्वांत मोठा खड्डा आहे. एका गटाने वर्गावर्गात ‘दिवे बंद करा’च्या सूचना लावल्या. आधीच्या आठवड्यापेक्षा वापर १८ टक्क्यांनी घटला. मुलं आनंदात. मी विचारलं, या आठवड्यात आणखी काय काय बदललं? वहीत शोधलं तर दोन दिवस पाऊस पडून हवा गार झाली होती आणि पंखे बंद होते, एक दिवस अर्धी शाळा सहलीला गेली होती. सूचनांनी किती घटलं, हे सांगायला काही आधारच उरला नाही. गट हिरमुसला, पण दुसऱ्यांदा त्यांनी एकाच मजल्यावरचे सारखे चार वर्ग घेतले, दोघांत सूचना लावल्या, दोघांत नाही, आणि दर आठवड्याला अदलाबदल केली. फरक आला फक्त ४ टक्के, आणि तोही तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे सूचनांची सवय झाली की लोक त्या वाचत नाहीत. १८ टक्क्यांच्या आनंदापेक्षा हे ४ टक्के कितीतरी मोलाचे आहेत, आणि मुलांना ते पटलं याचा मला आजही आनंद आहे. तेव्हा तुमच्या आखणीत ‘आधी’चं मोजमाप किमान दोन आठवड्यांचं ठेवा, आणि हवा, सुट्ट्या, हजेरी रोज टिपायला लावा.

शाश्वतता या शब्दाचं काय? १९८७ मध्ये नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने तिचा अर्थ सांगितला: आजच्या गरजा अशा भागवायच्या की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील. व्याख्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही. मी दोन गोष्टी वर्गात चर्चेला ठेवते. एक, १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं की वाफेची इंजिनं सुधारली, कमी कोळशात जास्त काम करू लागली, आणि तरी कोळशाचा एकूण खप वाढलाच, कारण इंजिन परवडू लागलं आणि जिथेतिथे बसलं. मग दिवे एलईडी झाल्यावर आपण ते जास्त वेळ चालू ठेवतो का? हे मुलांना मोजता येतं. दुसरी, वस्तू बनवण्यात गेलेली ऊर्जा. खनिजापासून ॲल्युमिनियम काढण्यापेक्षा जुनं वितळवून वापरलं तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. प्रकल्पासाठी नवीन वस्तू विकत आणायच्या नाहीत, मोडीतल्या वापरायच्या, हा नियम मग मुलं आपणहून पाळतात. एकदाच वापरून फेकायच्या थर्माकोलवर शाश्वततेचं चित्र रंगवणं मला तरी पटत नाही.

आखणी साधी ठेवा. पहिले दोन आठवडे सगळ्या वर्गाला एकच काम: मीटर, आकड्यांचा आवाका, एक छोटं मोजमाप. तिसऱ्या आठवड्यात फेरी आणि प्रश्न. प्रश्न एका वाक्यात असावा आणि त्याचं उत्तर एककासह आकड्यात यावं. ‘सौरऊर्जेचे फायदे’ हा प्रश्न नव्हे. चौथ्या आठवड्यात कच्चा प्रयोग, तो बहुधा फसतोच, आणि फसायला वेळ ठेवलेला असावा. पाच ते सात खरं मोजमाप. आठवा लिहिण्याचा. गट चौघांचा, त्याहून मोठा नको, नाहीतर दोघं काम करतात आणि बाकीचे बघतात. कामं दर आठवड्याला फिरवा, विशेषतः वही लिहिणं आणि साधन हाताळणं. माझ्या पाहण्यात, न सांगता सोडलं तर वही मुलींकडे जाते आणि मल्टिमीटर मुलांकडे. हे शिक्षकाने मोडायलाच हवं.

गुणांचं विचारलंत. शंभरांतले चाळीस मी नोंदवहीला देते: तारीख, वेळ, एकक, खोडलेलं दिसेल अशी एका रेघेची खोड, फसलेले प्रयोगही. तीस तोंडी प्रश्नांना, आणि उत्तर देणारा सदस्य मी निवडते. वीस शिफारशीला, म्हणजे एक पान, ज्याच्या हातात बदल करणं आहे त्याला उद्देशून: काय मोजलं, किती खात्री आहे, काय करावं, त्याने किती वाचेल. मांडणीला दहाच. पालकांना हे पहिल्या आठवड्यात कळवा. दहा गुणांसाठी मग कुणी रात्र जागवत नाही.

ते एक पान खरोखर पाठवा. बंद शाळेच्या गटाचं पान मुख्याध्यापकांकडे गेलं. कूलरला वेळ लावून बंद होणारं बटण बसलं, भिंतीवरच्या दिव्यांना अंधार पडल्यावर लागणारं. संगणकांचं काही झालं नाही, कारण रात्री त्यांचं काम चालतं असं सांगण्यात आलं. मुलांनी तेही वहीत लिहिलं. पुढच्या वर्षी शनिवार-सोमवारचे आकडे पुन्हा घेतले तेव्हा सरासरी ९५० वॅटवर आली होती.

वह्या मुलांना परत देऊ नका, कपाटात ठेवा. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी मी मागच्या वह्या वाचायला देते. त्या १५० वॅटची ओळ पुढच्या वर्षीच्या एका मुलाने वाचली आणि तो तिच्या मागेच लागला. दोन रविवार शिपाईकाकांबरोबर एकेक खटका बंद करत, मीटरसमोर लुकलुकी मोजत त्याने शोध घेतला. प्रयोगशाळेमागच्या कोठारात, जुन्या बाकांच्या आड, एक फ्रिज चालू होता. रिकामा. शाळेत कुणालाच आठवेना तो कधी आणि कशासाठी लावला होता.